ऊन हे ताईचं खातं होतं

आमच्या घरात कामांची वाटणी कधी ठरवून झाली नव्हती, पण ती पक्की होती. ज्या कामाला पायात चप्पल घालावी लागते ते ताईचं, उरलेलं माझं. भाजी, मासळी, बँक, गॅसवाल्याशी वाद, सोसायटीच्या मिटिंगा हे सगळं ती बघायची. स्वयंपाक, कपड्यांच्या घड्या आणि वाचन माझ्याकडे होतं. वाचन हे काम नव्हे असं तिचं मत होतं, पण मला त्याचा मोबदला मिळत असल्यामुळे ती ते उघड बोलत नसे. मी घरबसल्या प्रूफं तपासायची. शाळेची गाइडं, प्रश्नसंच, क्वचित एखादं कवितेचं पुस्तक. आम्ही दोघी लग्नावाचून राहिलेल्या बहिणी. जुन्या पनवेलमध्ये तळ्याजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, इतकी वर्षं एकत्र राहिलो की कुणाचा चष्मा कुठला हेसुद्धा नाकावर चढवल्यावरच कळायचं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी ताई बाजारातून आली, पिशवी ओट्यावर ठेवली, "जरा पडते गं" म्हणाली आणि चहाला उठली नाही.

मी रडले नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नातेवाईकांनीही ते लगेच एकमेकांना सांगून टाकलं होतं. "धाकटी रडली नाही हो," असं स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणालं, ते मी बाहेरच्या खोलीत ऐकलं. खरं म्हणजे मी वाट बघत होते. पुस्तकांतून माणसं कशी कोसळतात, भिंतीला धरून कशी खाली बसतात, हे मी इतकं वाचलं होतं की आपलंही आता तसं काहीतरी होईल अशी माझी खात्री होती. झालं काही नाही. तेराव्याच्या निमंत्रणाचा मजकूर छापायला जाण्यापूर्वी कुणीतरी माझ्यासमोर धरला, तेव्हा मी त्यातल्या दोन चुका काढल्या. आणि त्या दुरुस्त झाल्या की नाही, हेही दुसऱ्या दिवशी विचारलं.

संक्रांतीच्या सुमाराला मात्र अंग दुखायला लागलं. आधी नडग्या, मग कंबर, मग खुबे. जमिनीवर बसून भाजी निवडली की उठताना भिंत धरावी लागायची. दोन जिने चढताना मधल्या चौकात थांबून मी कठड्यावरची धूळ बघत राही. दुपारी हातातली पेन्सिलसुद्धा जड वाटायची. आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. आलं एकदाचं, असं वाटलं. डोळ्यांतून यायचं ते माझ्या बाबतीत हाडांतून आलं, उशिरा आलं, पण आलं. ताईसाठी माझं काहीतरी दुखत होतं. मी ते दुखणं जपायला लागले. कुणी विचारलं की जरा थांबून, खिडकीबाहेर बघत, "होतं असं," म्हणायचे. ते थांबणं आणि ते बघणं दोन्ही मला चांगलं जमायला लागलं होतं.

माझ्या धाकट्या भावाची बायको करंजाड्याहून शनिवारी यायची. तिने एका शनिवारी मला उठताना पाहिलं.

"वन्सं, भिंत का धरता?"

"आतून तुटल्यासारखं होतं गं."

"आतून म्हणजे नेमकं कुठे?"

"नडगीत."

"नडगीत आतून तुटत असेल तर डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर बघितलं. तिने माझी चप्पल आणून समोर ठेवली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी अंगठ्याने माझी नडगी दाबली आणि मी अशी ओरडले की बाहेरचा पेशंट आत डोकावला. झोप कशी, भूक कशी, असं ते विचारत होते. तेवढ्यात मी गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, माझी बहीण गेली."

"अरेरे," ते म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. मग थोडं थांबून, "रक्त तपासून घेऊ."

मला ते जरा लागलं. माझं दुःख सुईने काढून बाटलीत घालणार, म्हणजे काय? पण भावजय शेजारी बसली होती. तिच्यासमोर दुःखाची बाजू मांडणं मला जमलं नसतं.

रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी फार कमी. डॉक्टरांनी नीट समजावलं. हे जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग हाडं दुखतात, स्नायू ढिले पडतात, जिना चढवत नाही, थकवा येतो. आजकाल बऱ्याच जणांचं कमीच निघतं, विशेषतः घरात बसणाऱ्यांचं. "आणि हे दोन-तीन महिन्यांतलं नाही बरं का," ते म्हणाले. "हे वर्षानुवर्षं साचलेलं आहे."

वर्षानुवर्षं. म्हणजे ताई होती तेव्हापासून. ती बाजारातून घामाघूम होऊन यायची आणि मी पंख्याखाली बसून "आज काय आणलंस?" म्हणायचे, तेव्हापासून. माझा शोक तिच्या जाण्याच्या आधीच सुरू झाला होता, असा त्याचा अर्थ निघत होता.

"पण डॉक्टर, दुःखानेही अंग दुखतं ना?"

"दुखतं की. त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण तुमची नडगी याने दुखतेय, आणि यावर आहे."

त्यांनी पुड्या लिहून दिल्या, आठवड्याला एक, दुधातून. भावजयीने लगेच विचारलं, "दोन घेतल्या तर लवकर फरक पडेल का?" डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही. जास्त झालं तरी त्रास होतो. आणि रोज उन्हात जात चला."

लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. 'ड जीवनसत्त्व सूर्यप्रकाशामुळे शरीरात तयार होते. त्याच्या अभावी मुडदूस होतो.' हे वाक्य दर वर्षी माझ्या पेन्सिलीखालून गेलं होतं. गाळलेल्या जागेत गेलं होतं, जोड्यांमध्ये गेलं होतं, चूक की बरोबर यातही गेलं होतं. मी ते प्रत्येक वेळी ट्यूबलाइटच्या उजेडात, भर दुपारी पडदे ओढून तपासलं होतं आणि समासात बरोबरची खूण केली होती.

"म्हणजे तुम्हाला मुडदूस झालाय?" रिक्षात भावजयीने विचारलं.

"मुडदूस लहान मुलांना होतो. मोठ्यांचं नुसतं दुखतं."

"बरंय मग," ती म्हणाली.

पुड्या मी घेतल्या नाहीत. लवंगा-वेलदोड्यांच्या डब्यात ठेवल्या. स्वतःला मी सांगितलं की पुस्तकात सूर्यप्रकाश लिहिलाय, पुडी लिहिलेली नाही. तेव्हा आधी पुस्तकाप्रमाणे करून बघू. खरं कारण मला ठाऊक होतं. पुडीने दुखणं झटकन थांबलं असतं, आणि मग ताईचं म्हणून माझ्याकडे काय उरलं असतं? एक न रडलेली बहीण, आणि तेराव्याच्या मजकुरातल्या दोन दुरुस्त्या.

उन्हाचं मात्र मी मनापासून केलं. पनवेलच्या सगळ्या घरांसारखी आमचीही बाल्कनी आम्ही बंद करून घेतली होती, ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावून. सकाळचं कोवळं ऊन तिथे छान येतं. कोवळ्या उन्हाची महती लहानपणापासून ऐकलेली. त्यामुळे मी उजाडल्यावर खुर्ची टाकून बसायला लागले. पायात मोजे, अंगावर शाल, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, मांडीवर प्रूफं. काच बंद, कारण वाऱ्याने कागद उडतात. पाठीला उबदार वाटायचं. आपण काहीतरी शास्त्रोक्त करतोय, असं वाटायचं. महाशिवरात्र गेली, होळी गेली. भावजय म्हणाली, "चेहऱ्यावर तेज आलंय." नडगी तशीच होती.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "उन्हात बसता ना?"

"रोज. न चुकता."

"कुठे?"

"बाल्कनीत. पूर्वेकडे आहे."

"उघडी आहे?"

"नाही, काचा आहेत. पण ऊन स्वच्छ येतं हो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काचेतून ऊब येते, उजेड येतो. ज्या किरणांनी हे जीवनसत्त्व तयार होतं ते काच अडवते. अंगात काय घालता तेव्हा?"

मी सांगितलं. मोजे सांगितले नाहीत, ते भावजयीने सांगितले.

"आणि वेळ?"

"कोवळ्या उन्हाची."

"कोवळ्या उन्हात बरं वाटतं. म्हणून लोकांना आवडतं. पण यासाठी ते फारसं उपयोगाचं नाही. ऊन वर यायला हवं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ना, तेव्हाचं. हात उघडे ठेवून थोडा वेळ फिरायचं, भाजून घ्यायचं नाही. आणि पुड्या घेताय ना?"

मी खिडकी शोधायला लागले.

"वेलदोड्यांच्या डब्यात आहेत," भावजय म्हणाली. तिने तो डबा कधी उघडला होता, मला माहीत नाही.

डॉक्टर रागावले नाहीत, हसले. ते जास्त लागलं. "आजपासून सुरू करा. मासे खाता?"

"खाते. आणत नाही."

"मग आणतं कोण?"

"ताई," मी म्हणाले. भावजयीने माझ्या हातातलं कागदांचं पाकीट काढून घेतलं आणि उगाच नीट केलं.

त्या रविवारी मी पहिली पुडी दुधात ढवळली आणि प्याले. चव काहीच विशेष नव्हती. इतके दिवस जपून ठेवलेल्या गोष्टीची काहीतरी चव असावी, अशी माझी अपेक्षा होती.

उन्हाची अडचण वेगळीच निघाली. पनवेलमध्ये बाईमाणसाला काही काम नसताना उन्हात उभं राहता येत नाही. गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सोसायटीच्या चेअरमनकडे. "गच्चीत काय काम?" त्यांनी विचारलं. "ऊन," मी म्हणाले. "ऊन खाली पण आहे की," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मी खाली फाटकाशी उभी राहिले. पहिली बाई थांबून म्हणाली, "रिक्षा बघताय का? इथे नाही मिळणार." दुसरीने विचारलं, "कुणी येणारंय?" तिसरे एक आजोबा काही न बोलता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बहुधा त्यांना वाटलं, पाण्याचा टँकर येणार आहे.

म्हणून काम हवं होतं, आणि ताईची सगळी कामं पडून होती. मी मासळी बाजारात जायचं ठरवलं. अकरा वाजता निघाले, घामाने डबडबत बाजाराशी पोचले आणि तिथे लक्षात आलं की घरापासून इथपर्यंत मी छत्री उघडून आले होते.

छत्री मिटून आत शिरले. एका कोळणीसमोर बांगडे होते म्हणून तिच्यापुढे उभी राहिले. डोक्यावर निळी ताडपत्री, समोर पाटी, हातात कोयता. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तुमी मोट्या बायच्या भईन ना? नाक तेच हाय."

"हो. धाकटी."

"मंग ती कुटं हाय? दिवालीपासून तोंड दावलं नाय. मी म्हनलं, दुसऱ्या कोलनीकडं जाया लागली का काय."

शब्द साधा होता, दोन अक्षरी. गेली. तो तोंडापर्यंत आला आणि तिथेच बसला. मागे दोन बायका घाई करत होत्या, पायाखाली मासळीचं पाणी होतं.

"गावाला गेलीय," मी म्हणाले.

"येल तवा सांगा, भांडायचं हाय तिच्याशी. घ्या, बांगडं घ्या. डोलं बघून घ्या, डोलं."

मी बांगड्याच्या डोळ्यांत बघितलं. बांगड्यानेही माझ्याकडे बघितलं. आमच्यात काही ठरेना. शेवटी तिनेच एक वाटा उचलून पिशवीत टाकला. "मोटी बाय असती तर आता चार शिव्या घातल्या असत्या मना," ती म्हणाली, समाधानाने.

मग मी जातच राहिले. एवढ्या उन्हात कशाला येता, सकाळी ताजं मिळतं, असं तिने विचारलं तेव्हा मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ती खदखदून हसली. "मना बी तीच पुडी दिलीय डागदरनं! जलम उनात गेला बोलतात माजा. या ताडपतरीखाली कुटं हाय ऊन? हात भरून झंपर, डोक्यावर पदर. गुडघं धरून बसतंय मी." मला फार बरं वाटलं. आम्ही दोघी एकाच पंक्तीतल्या निघालो.

तिच्याकडून मला ताईच्या गोष्टी कळत गेल्या. ताई घासाघीस करताना उभ्याने नाही, तिच्या शेजारी उपड्या क्रेटवर बसून करायची. चहा मागवायची. आणि माझ्याबद्दल बोलायची.

"काय बोलायची?"

"बोलायची, आमची धाकटी म्हंजे जुनं पुस्तक. उनात धरली तर पानं पिवली व्हतील. म्हनून मीच येतंय."

मी पिशवी घेऊन निघाले. त्या दिवशी छत्री उघडायचं भान राहिलं नाही, म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने तो उत्तम दिवस होता.

पण माझी थाप वाढत चालली. कुठल्या गावाला? राजापूरकडे. बरी हाय ना? बरी आहे. आंबं खाते काय? खाते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेली मी, भर बाजारात एक आख्खी खोटी हकिकत लिहीत होते आणि ती मला आवडायला लागली होती. त्या ताडपत्रीखाली ताई जिवंत होती. कोळणीला तिचा राग येत होता, तिची आठवण येत होती, तिच्यासाठी ती गाबोळी, माशाची अंडी, बाजूला काढून ठेवत होती. "येल तवा द्या तिला. तिला लय आवडते." मी ती घरी आणायची, थोड्या तेलावर परतायची आणि ताईच्या वाटची गाबोळी एकटीने खायची. चांगली लागायची. ते आणखी वाईट वाटायचं.

आणि इकडे दुखणं ओसरत होतं. एकदा भाजी निवडून झाल्यावर मी ओट्याशी जाऊन उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की भिंत धरलीच नाही. मी परत येऊन खाली बसले आणि पुन्हा उठून पाहिलं. जमलं. घरात कुणी नव्हतं, नाहीतर वेड लागलं म्हणाले असते. जिना एका दमात चढायला लागले. मे महिन्यात रक्त पुन्हा तपासलं, तर सगळं जागेवर आलेलं. भावजय फोनवर "अभिनंदन, वन्सं" म्हणाली. मी थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवून बाल्कनीतल्या खुर्चीवर बसले. नडगी दाबून बघितली. चांगली जोरात दाबली. काहीच दुखलं नाही.

आता माझ्याकडे काही पुरावा राहिला नव्हता.

मेच्या शेवटी मी बाजारात गेले तेव्हा होड्या किनाऱ्याला लावायची बोलणी चालली होती. पावसाळ्याचे दिवस जवळ आले की ताजी मासळी थांबते. कोळीण पाटी आवरत होती. मला बघून शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही बघा आली धाकटी. काय ओ बाय, पावसाआधी येते का नाय तुमची भईन? का तुमीच हाकलली तिला?"

शेजारीण हसली. पलीकडचीही हसली.

"खरं सांगा, भांडलात ना दोगी? घर नावावर करून घेतलंत आन दिली तिला गावाला धाडून!"

मीही हसले. हसता हसताच म्हणाले, "ती गेली."

"कुटं?"

"गेली. दिवाळीनंतरच गेली. इथूनच आली होती बाजार करून. जरा पडते म्हणाली."

कोळणीच्या हातातला कोयता थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "आन मी गाबोली देत व्हते."

"हो."

"खाल्ली कोनी?"

"मी."

मला वाटलं, आता पाटीतला मासा अंगावर येतो. "जल्लं तुमचं तोंड," ती म्हणाली. "एवडी शिकलेली बाय, आन खोटं बोलली मना? मी रोज वाट बगतंय तिची. रोज." तिचा आवाज फाटला. तिने कोयता टाकला, पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने रडायला लागली. पुस्तकातल्यासारखं नाही. नाक ओढत, मला शिव्या घालत, मधेच "माजी बाय गं" म्हणत.

मी तिची समजूत घालायला वाकले. "असं नका करू, मावशी," एवढं म्हणाले आणि पुढचं वाक्य आलंच नाही. आधी वाटलं घाम आहे. उन्हातून आले होते, छत्री नव्हती, तेव्हा घाम असणं शक्य होतं. मग माझ्या घशातून असा काही आवाज निघाला की माझा मलाच ओळखता आला नाही. गुडघे मोडून आले. त्यांचं रक्त तर नुकतंच तपासलं होतं, त्यांच्यात काही कमी नव्हतं. तिने एका हाताने उपडा क्रेट माझ्याकडे ओढला. मी त्यावर बसले. माझे ओचे मासळीच्या पाण्यात गेले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. हातात पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई, घाईतली. "मावशी, सुरमई कशी दिली?"

"थांब गं," कोळीण पदरानं नाक पुसत म्हणाली. "हिची भईन गेलीय."

"अगं बाई. कधी?"

कोळणीने माझ्याकडे बघितलं. "आताच सांगितलं हिनं," ती म्हणाली.

त्या बाईने पुढे काही विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली आणि ताडपत्रीच्या बाहेर, उन्हात, थांबून राहिली.